सोलरचं पाणी कोमट का येतं: गच्चीवरच्या नोंदी, यंदाची थंडी

दिवाळी सरून गारठा पडला की साताऱ्यात सोलरवाल्या घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, "पाणी तापतच नाय." यंदा काहीही खोलायच्या आधी नुसतं मोजायचं, असं ठरवलं होतं. सिस्टीम जुनीच आहे. २०० लिटरची टाकी, २० काचेच्या नळ्या, बिनप्रेशरची, माची पेठेतल्या दुमजली घराच्या गच्चीवर. न्हाणीघर तळमजल्यावर आणि तेही मागच्या अंगाला, त्यामुळे पाइप लांबलचक.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर टाकीजवळच्या कॉकला ५९ अंश. पहाटे सहाला तिथंच ५३. आणि त्याच वेळी खाली न्हाणीघरात पहिल्या बादलीत ३९.

रात्रभरात सहा अंश जाणं म्हणजे टाकीचा पफ (उष्णता धरून ठेवणारा फोमचा थर) ठणठणीत आहे. नळ्याही काम करतायत. चौदा अंश मारले जातायत ते वाटेत. असं असताना सोलरवर खापर फोडून नळ्यांचा अख्खा सेट बदलायला निघणारे लोक मी पाहिलेत. दुकानदाराचं भलं होतं, पाणी कोमटच राहतं.

वाटेतला पहिला चोर पाइपच. पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. आमचा १८ मीटर, म्हणजे साडेचार लिटर गार पाणी आधी बादलीत पडणार. ते भांडी-धुण्याला काढून ठेवलं आणि दुसरी बादली मोजली, तर ४५. अजून आठ अंश कमीच.

मग खरी गंमत. गार पाण्याच्या घरातल्या लाइनचा गेट व्हॉल्व्ह बंद केला (सोलरला पाणी देणारी लाइन वेगळी आहे, ती चालूच ठेवायची) आणि पुन्हा मोजलं. धार बारीक झाली, पण पाणी ५१! म्हणजे कुठंतरी आपोआप विसण पडत होतं. शोधत वर गेलो, तर माडीवरच्या बाथरूममध्ये हँडशॉवरच्या मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे आणि पाणी मात्र शॉवरच्या खटक्यावर बंद केलेलं. वरवर बघता सगळं बंदच दिसतं. पण खाली कुणी गरम नळ सोडला की गरम लाइनमधला दाब उतरतो आणि गार पाणी त्या मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं. घरातल्या माणसांना नॉब बंद करायला सांगणं हा फुकटचा उपाय. तो आमच्याकडे दोन दिवस टिकला. म्हणून त्या मिक्सरच्या गरम फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) बसवून घेतला. घेताना स्प्रिंगचा घेऊ नका. बिनप्रेशरच्या सोलरला तेवढा दाबच नसतो, धार करंगळीएवढी होते. झडपेचा घ्या, आडव्या पाइपात बसवा, बाण बघून.

गल्लीतल्या काकांकडे हाच आजार वेगळ्या सोंगात निघाला. "अरे, आमच्या सोलरच्या त्या उभ्या पाइपातनं पाणी वाहतंय बघ, टाकी फुटली का काय?" टाकी शाबूत होती. त्यांनी गार लाइनला प्रेशर पंप बसवलाय. पंप सुरू झाला की गार पाणी मिक्सरमधून उलटं सोलरच्या टाकीत चढतं आणि एअर व्हेंटमधून, म्हणजे त्याच उभ्या पाइपातून, बाहेर पडतं. पाणी थांबावं म्हणून त्या व्हेंटला बूच मारायचा सल्ला त्यांना कुणीतरी दिला होता. हे कधीही करू नका. व्हेंट बंद झाला की टाकीला श्वास घेता येत नाही. गरम होताना दाब साठतो, रिकामी होताना आतून ओढ बसून पत्रा चेपतो.

आता उन्हाचं. अजिंक्यतारा आमच्या दक्षिणेला, आणि थंडीत सूर्यही दक्षिणेकडूनच चालतो. त्यामुळे पायथ्याच्या घरांना सकाळचं ऊन गोडोली-सदरबझारपेक्षा उशिरा मिळतं. याला इलाज नाही, किल्ला काही हलवता येत नाही. सातारा १७.७ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो. म्हणून स्टँडचा तिरपेपणा अक्षांशाएवढा ठेवण्यापेक्षा ३० अंशांच्या आसपास असला तर थंडीत फायदा होतो. उन्हाळ्यात थोडं कमी तापेल, पण तेव्हा कडकडीत पाणी हवंय कुणाला? शिवाय नळाचं पाणीच थंडीत गार येतं. २७ ऐवजी १९ अंशांचं पाणी आत आलं तर २०० लिटरला नुसता तेवढा फरक भरून काढायला १.८६ युनिट उष्णता जास्त लागते. सोलर बिघडत नाही, त्याचं काम वाढतं.

नळ्यांची तपासणी सोपी आहे. बाहेरच्या टोकाची काच आतून आरशासारखी चंदेरी हवी. ती दुधी पांढरी पडली की नळीच्या दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली, नळी बाद. आमच्या डावीकडची शेवटची नळी तशी निघाली. भर उन्हात हात लावला, तर बाकीच्या बाहेरून गार आणि ही एकटी ऊनऊन. बदलताना आधी सोलरला येणारं पाणी बंद, मग टाकी रिकामी, नाहीतर नळी निघाल्याबरोबर गरम पाणी अंगावर. रबरी रिंगला साबणाचं पाणी लावून नळी गोल फिरवत वर सरकवायची, ठोकायची नाही. आणि हे सगळं उन्हं यायच्या आत. कोरडी नळी उन्हात आतून २०० अंशांच्या वर तापते. त्यात गार पाणी पडलं की काचेचा चुरा. काढलेल्या नळीच्या तळाला बोटभर पांढरा गाळ होता, बोअरच्या पाण्याची कृपा. उरलेल्या नळ्यांना लिंबूसत्वाचं पाणी रात्रभर ठेवलं. फरशी धुवायचं ॲसिड स्टीलच्या टाकीच्या वाऱ्यालाही उभं करू नका.

ढगाळ दिवसांसाठी आईचा तांब्याचा बंब अजून हाताशी आहे. तो धुरकटायला लागला होता. मधली नळी काजळीने निम्मी भरलेली, जाळी राखेनं गच्च. नारळाची शेंडी काठीला बांधून नळी घासली, जाळी झटकली, आणि धूर पुन्हा सरळ वर जायला लागला. हा बंब परसातच. बंद न्हाणीघरात गॅस गीझर किंवा झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी हे प्रकार जिवावर बेततात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. खोलीसाठी हीटर घेणार असाल तर २००० वॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तेव्हा त्याला मोठा १६ अँपिअरचा प्लगच हवा. टीव्हीच्या बोर्डात खुपसलात तर पिन वितळेल.

आजची स्थिती: पहिली बादली ४३, दुसरी ५१. पुढचं काम पाइपाचं. गच्चीवरच्या भागाला काळा नायट्रिल फोम चढवलाय, पण उन्हात तो भेगाळतो, म्हणून वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळतोय. मागच्या भिंतीवरचा पाइप उघडाच आहे, त्याला शिडी आणि रविवार दोन्ही लागतील. उभ्या पाइपावर फोम खाली घसरू नये म्हणून तुम्ही क्लॅम्प वापरता की नुसती टेप, ते सांगा. क्लॅम्पखाली फोम दबून तिथंच पाइप गार पडतो का, हे कुणी मोजलं असेल तर फारच उत्तम.