जत्रेवरून आलेली उडी

कोल्हापुरातल्या एका तालमीत मी पैलवानांच्या ताकदीचं काम बघतो. तिथला एक पोरगा 74 किलो गटातला. पहाटे हजार बैठका, जोर वेगळे. मॅटवरची तीन-तीन मिनिटांची लढत संपली तरी धाप लागायची नाही. पण पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायला, झेपावला की हात पोचेपर्यंत समोरच्याचा पाय मागं गेलेला.

वस्तादांचं म्हणणं, "बैठका कमी पडत्यात." माझं नेमकं उलट. स्नायूला सगळी ताकद लावायला साधारण 0.3 सेकंद तरी लागतात आणि पट घेताना तेवढी सवड कोण देतो? पहिल्या झटक्यात किती जोर निघतो, यावर सगळं. हजार बैठकांनी दम वाढतो, झटका नाही. मातीतली निकाली कुस्ती अर्धा-पाऊण तास रंगायची, तिथं तो दमच कामाला यायचा. म्हणून बैठकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

झटका मोजायला माझ्याकडं साधी युक्ती होती. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती पाण्यात कालवायची, बोटं बुडवायची आणि जागेवरनं उडी मारून भिंतीवर ठसा उमटवायचा. रोजचे ठसे एकाच पट्ट्यात, एकमेकांवर चढलेले. भिंत खराब होते म्हणून वस्ताद कुरकुरायचे, ते वेगळंच.

मग पोरगा गावच्या जत्रेला गेला. मटण चापून, दोन दिवस लोळून परत आला. वस्ताद तापलेलेच होते. "मार उडी, बघू जत्रेनं काय केलंय ते!" त्यानं मारली. ठसा जुन्या पट्ट्याच्या पार वर. वस्तादांनी स्टूल मागवलं, वर चढले आणि स्वतःची बोटं लावून मोजलं. चार बोटं.

"परत मार." परत तिथंच.

"म्हंजे बैठका न मारता वाढली?"

"वाढली न्हवं वस्ताद, होतीच. थकव्याखाली दबली होती."

त्या दिवसापासून आठवड्यातले दोन दिवस मला मिळाले. जड बार जमिनीवरनं तीनदाच उचलायचा, तीन मिनिटं थांबायचं, मग हलकं वजन घेऊन तीन उड्या. नंतर मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, डोक्यावरनं मागं भिरकवायचा. उडीची उंची घटली की काम बंद. वस्तादांना खरा त्रास त्या तीन मिनिटांचा. पैलवान हौद्याच्या कडेला कोरडा ठणठणीत बसलाय, हे त्यांना बघवतच नाही. "आरं, घाम तरी येऊ दे की!" झटक्याची शिदोरी दहा-एक सेकंदांत संपते आणि भरून यायला काही मिनिटं लागतात, हे त्यांना पटलंय, तरी पाठ फिरवून उभे राहतात.

शनिवारच्या हजार बैठका मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. मीही ताणून धरलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टीच असते.