ग्रँड कोल फेरे: खिंड ओलांडली आणि कार्ड बाद

राहायला इंग्लंडात पण पासपोर्ट अजून भारतीय, असे कोणी टूर द्यू माँ ब्लाँला निघाले असतील तर सॅक भरण्याआधी हे वाचा. माँ ब्लाँ डोंगराभोवती फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून साधारण १७० किलोमीटरची पायी फेरी. इटलीतल्या कूर्मायरपर्यंतचे दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

ग्रँड कोल फेरे ही २५३७ मीटरची खिंड म्हणजे इटली-स्वित्झर्लंडची हद्द. वर ना चौकी, ना शिपाई. पलीकडे उतरताना ला प्योलच्या जरा वर ओल्या मातीवरून पाय सटकला आणि घोटा मुरगळला. सह्याद्रीतले घसारे उतरलेला माणूस मी, आडवा झालो तो गुरांच्या वाटेवर! खालच्या ला फूली गावापर्यंत दोन काठ्या आणि मित्राचा खांदा.

खालच्या दवाखान्यात ऐटीत जीएचआयसी कार्ड पुढे केलं, म्हणजे परदेशात आजारी पडल्यास उपचारांसाठी एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) देते ते कार्ड. ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून जुन्या ईएचआयसी या युरोपीय आरोग्य कार्डाच्या जागी आलेलं हेच ते. 'युरोपभर चालतं' असं चौघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट मागितला आणि विषय संपला. युरोपीय संघातल्या देशांत कार्ड ब्रिटनमधल्या रहिवासावर चालतं. स्वित्झर्लंड संघात नाही. त्यांचा ब्रिटनशी वेगळा करार आहे, १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेला, आणि त्यात नागरिकत्व बघतात: ब्रिटिश, स्विस, संघातल्या देशांचे, निर्वासित, किंवा अशांवर अवलंबून असलेले. मित्राचं कार्ड हुबेहूब माझ्यासारखं, पण पासपोर्ट ब्रिटिश. त्याचं चाललं असतं. घोटा मात्र माझा होता. एक्स-रे, पट्टी, गोळ्या: ४१० फ्रँक, रोख.

विमा होता ना? होता. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा लागतोच, म्हणून सगळ्यात स्वस्तातला घेतलेला. त्यात २००० मीटरच्या वरचं ट्रेकिंग वगळलेलं! ला प्योलच दोन हजाराच्या वर आहे. थोडं खाली येऊन पडायची अक्कल हवी होती.

तेव्हा विमा किमान ३००० मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरसकट घ्या. डोंगरातून उचलून आणायचे पैसे हे कार्ड कुठल्याच देशात देत नाही. कार्ड मात्र काढाच, एनएचएसकडे फुकट मिळतं. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटी सरळ लुबाडतात. फ्रान्समध्ये डॉक्टरला आधी पैसे भरून मग परतावा मागावा लागतो, पावत्या जपा. आणि खिंडीच्या अलीकडेच पाय दुखू लागला तर शूरपणा नको. एलेना रिफ्यूजवरून (डोंगरातलं मुक्कामाचं ठिकाण) मागे आर्प नूवाला उतरा, मोसमात तिथून कूर्मायरची बस असते. इटलीत आपलं कार्ड चालतं.

माझी पुढची फेरी बसूनच झाली: ला फूलीहून बसने ऑर्सिएर, तिथून ट्रेनने मार्तिन्यी, मग दुसऱ्या ट्रेनने शामोनी. तिकिटं स्विस भावाची, पण निदान पासपोर्ट कोणी विचारला नाही.