निर्माण झालं, पण कुठून?

११ जून, दादर

हवामान खात्याच्या तक्त्यानुसार मुंबईत पाऊस दाखल व्हायची सरासरी तारीख आजची. २०२० साली तक्ता बदलला, त्याआधी ती १० जून होती. पाऊस वेळेवर येवो न येवो, भाषांतरासाठी येणाऱ्या कागदांवर या दिवसांत एका क्रियापदाचा पूर हमखास येतो : निर्माण होणे. कमी दाबाचं क्षेत्र निर्माण झालं, वाहतूक कोंडी निर्माण झाली, साथीचा धोका निर्माण झाला. इंग्रजी करणारा मग सगळीकडे ‘क्रिएटेड’ नाहीतर ‘अरोज’ ठोकून मोकळा होतो.

हवामान खात्याचं स्वतःचं इंग्रजी जास्त नेमकं आहे. केरळात मान्सून ‘सेट इन’ होतो, पुढच्या भागांत तो ‘ॲडव्हान्स’ करतो, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र ‘फॉर्म’ होतं, जोर धरला की ‘इंटेन्सिफाय’. ‘क्रिएट’ कुठेच नाही. ‘सेट इन’ म्हणजे येऊन ठाण मांडणं; ते मोसमाला, थंडीला, घबराटीला चालतं, एखाद्या सरीला नाही. ‘फॉर्म’ला घटक आधीपासून हजर लागतात. ते एकत्र आले, आकार आला, की ढग, रांग, समिती ‘फॉर्म’ झाली. महाराष्ट्र राज्यही १ मे १९६० रोजी ‘वॉज फॉर्म्ड’ किंवा ‘केम इंटू बीइंग’. ‘अरोज’ लिहिलं तर राज्य झोपेतून उठून बसल्यासारखं वाटतं.

माझ्या मते दोष इंग्रजीच्या आधीच घडलेला असतो. मराठीत प्रश्न उपस्थित होतो, गरज भासते, शंका येते, आग लागते, कल्पना सुचते, खड्डे पडतात, पाणी साचतं, संधी चालून येते. प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं आहे. त्या सगळ्यांना ‘निर्माण होणे’च्या एकाच पोत्यात भरलं की इंग्रजी करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून आधी ‘निर्माण’ खोडायचं, त्या जागी घरात जे बोललं असतं ते लिहायचं आणि मग इंग्रजीकडे वळायचं. आग लागली : ‘ब्रोक आउट’. साथ आली : तेही ‘ब्रोक आउट’. पाणी साचलं : ‘अक्युम्युलेटेड’. कल्पना सुचली : ‘ऑकर्ड टू’, म्हणजे मनाकडे धावत आली, लॅटिन मुळात धावणंच आहे. अपघातही ‘ऑकर’ होतो, पण ठरवून घेतलेली सभा होत नाही. ती ‘टेक्स प्लेस’. (स्पेलिंगमध्ये ‘ऑकर्ड’ला दोन आर, कारण जोर शेवटच्या अक्षरावर. ‘डेव्हलप’चा जोर मधल्या अक्षरावर, म्हणून ‘डेव्हलप्ड’ला एकच पी.)

‘अराइज’चा खरा कस कोर्टाच्या कागदात लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम १ प्रमाणे दाव्यास कारण कोणत्या वस्तुस्थितीतून आणि केव्हा घडलं हे दावापत्रात सांगावंच लागतं. मराठीत : ‘दाव्यास कारण अमुक तारखेस मुंबई येथे घडले.’ इंग्रजीत : ‘द कॉज ऑफ ॲक्शन अरोज’. इथे नेहमी दोन चुका होतात. एक, ‘अराइज्ड’, रूपं अराइज, अरोज, अरिझन अशीच आहेत. दुसरी जास्त वाईट, ‘वॉज अरिझन’. ‘निर्माण झालेला’ डोक्यात असतो आणि हात कर्मणीकडे जातो. पण ‘अराइज’ अकर्मक आहे, त्याचं कर्मणी होतच नाही. ‘अपिअर’, ‘इमर्ज’, ‘ऑकर’ यांचंही नाही.

‘रेझ’ आणि ‘अराइज’मध्ये घोळ झाला तर अर्थच पलटतो. वाक्यात ‘ने’ बसतो का पाहावं. वादीने मुद्दा उपस्थित केला : ‘रेझ्ड’. मुद्दा उपस्थित झाला : ‘अरोज’. नुसतंच ‘वॉज रेझ्ड’ लिहिलं की समोरचा वकील पहिल्यांदा विचारणार, कोणी? दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्यात मात्र तिसरंच क्रियापद आहे. अनुच्छेद ११३ ची तीन वर्षं दावा करण्याचा हक्क ‘अक्रू’ होतो त्या दिवसापासून मोजतात. व्याजही ‘अक्रू’ होतं. मुळात अर्थ वाढत जाण्याचा, हक्काच्या बाबतीत तो मिळण्याचा झाला.

‘उद्भवणे’ आणि ‘अराइज’ रचनेने जवळचे : तिथे उद्, इथे ‘राइज’, दोन्हीकडे वर येणं. तरी एकास एक ठेवता येत नाहीत. मराठीत उद्भवतं ते बहुतेक त्रासाचंच, वाद नाहीतर आणीबाणीचा प्रसंग. इंग्रजीत ‘ऑपर्च्युनिटी’सुद्धा ‘अराइज’ होते. संधी उद्भवली असं लिहिलेलं वाचवत नाही.

‘इमर्ज’ समजायला हाजी अलीला जावं. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला ‘सबमर्ज’, ओहोटीला ‘इमर्ज’. मूळ एकच, बुडणं, ‘मर्ज’सुद्धा त्यातलंच. म्हणजे ‘इमर्ज’ होणारी गोष्ट आधीपासून असते, फक्त झाकलेली. म्हणूनच चौकशीत उघड झालेल्या गोष्टीला ‘इट इमर्ज्ड दॅट’. मरीन ड्राइव्हची जमीन ‘इमर्ज’ झालेली नाही. ती भराव घालून केली, तिला ‘रिक्लेम्ड’ म्हणतात. समुद्राकडून ‘परत’ मिळवली, जणू आधी आपलीच होती!

इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं उदाहरण रोजचं आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना ते करून घ्यावंच लागतं. तुळईला तडे गेले याचं ‘क्रॅक्स अपिअर्ड’ करायचं की ‘क्रॅक्स डेव्हलप्ड’? ‘अपिअर्ड’मध्ये फक्त दिसणं आहे : पाहणी केली तेव्हा तडे होते. ‘डेव्हलप्ड’मध्ये काळ आहे : ते हळूहळू वाढले, मागे गंजलेली सळई किंवा गळती असणार. मूळ अहवालात कारण दिलेलं नसेल तर ‘डेव्हलप्ड’ लिहून भाषांतरकाराने स्वतःचं निदान घुसवू नये. आणि ‘देअर वॉज क्रिएशन ऑफ क्रॅक्स’ असलं काही आढळलं तर पान बाजूला ठेवून चहा घ्यावा.

‘मटेरिअलाइज’ जवळपास नेहमी नकारातच येतं : मदत जाहीर झाली, पण ‘डिडंट मटेरिअलाइज’. ‘क्रॉप अप’ खाणकामातून आलं, खनिजाचा थर जमिनीवर उघडा पडणं. अचानक निघालेल्या अडचणीला बोलीत ठीक, करारनाम्यात नको. तिथे ‘अरायझिंग आउट ऑफ’च. ‘स्प्रिंग अप’ला वेग लागतो. रूपं स्प्रिंग, स्प्रँग, स्प्रंग.

त्याच्याही पुढचं ‘मश्रूम’. एका पावसात भिंतीकडेला कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, तसे क्लासेस, टपऱ्या, टॉवर. इथे मराठी आणि इंग्रजी एकाच छत्रीखाली येतात, शब्द शोधावा लागत नाही. फक्त दोन्हीकडे सूर नापसंतीचा आहे, तेव्हा बिल्डरच्या जाहिरातीत ते वापरू नये.