आल्या-गेल्याची

धाकट्याला दोन दिवस ताप होता. औषध सुरू होतं, तरी आईनं मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्याच. बेळगावच्या टिळकवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर चूल कुठली? गॅसवर तवा ठेवला. "आल्या-गेल्याची, पापी-चांडाळाची, भुता-खेताची..." मिरच्या तव्यावर पडल्या आणि ठसका काही उठेना.

"बगितलास? केवढी लागलीया!"

मिरची ब्याडगी होती. रंगाला लालभडक, तिखटाला बेताची. आमच्या घरात आजवर प्रत्येकाला जबर दृष्ट का लागली, हे मला त्या दिवशी कळलं.

पण खरा अडकलो तो त्या यादीत. आला-गेला म्हणजे ज्याला आपण ओळखत नाही तो. आणि चांडाळ? मनुस्मृती त्याला गावाबाहेर राहायला सांगते. म्हणजे माणसाला आधी वेशीबाहेर घालवायचं, मग त्याची नजर वाईट म्हणून मिरच्या जाळायच्या. 1871 साली इंग्रजांनी हेच सरकारी कागदावर आणलं. जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. कायदा 1952 ला गेला. तरी चोरी झाली की अजून आधी भटक्यांच्या पालांकडेच बोट जातं. आई हे सगळं मनात आणून म्हणत नाही, तिच्या सासूनं शिकवलं तसं म्हणते. पण याद्या टिकतात त्या अशाच.

आमच्याकडे तर भाषाही घोळ घालते. शेजारच्या अज्जी नातवाला "देव्व बंतु" म्हणून घाबरवायच्या, आणि लहानपणी मी देव आला समजून हात जोडायचो. कन्नडात देवरू म्हणजे देव, देव्व म्हणजे भूत. पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात तर 'दएव' हेच सैतान, आणि त्यांचा परमेश्वर 'अहुर', म्हणजे आपला असुर. वेस ओलांडली की देवाचीही धडगत नाही.

बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानात 6 डिसेंबरला काँग्रेसचे नेते सतीश जारकीहोळी अंधश्रद्धेविरुद्ध लोकांना जमवतात, तिथंच जेवणं होतात. एकदा मीही जेवून आलो. घरी मात्र लग्नाला गेलो होतो म्हणून सांगितलं. (शूर माणूस!)

परवा आईला म्हटलं, "पुढच्या वेळी संकेश्वरी घे की. ठसका तरी उठेल."

"खुळा हायस काय? ती मसाल्याला ठेवलीया."