हनुवटीला चिकटलेला चटणीचा कण

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दातांचं क्लिनिक आहे. बाजाराच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरची माणसं भाजी, किराणा आणि दात अशी सगळी कामं एकाच फेरीत उरकतात, त्यामुळं त्या दिवशी मला डबा उघडायलाही फुरसत नसते. अशाच एका दुपारी साठीच्या आतबाहेरच्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या. दोन महिन्यांमागं दुसरीकडं उजवी खालची दाढ काढलेली, का तर हलत होती म्हणून, आणि ती जागा काही भरेना. वर "त्या इंजेक्शननं हनवटी बधिर झालीया, ती अजून उतरलीच न्हाई बघा."

आता भूल काय, दोन-चार तासांत उतरते. क्वचित सुई नसेला लागते, मग बधिरपणा महिनोन्महिने राहतो, आणि खरं सांगते, मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. बाहेर सात-आठ पेशंट बसलेले, व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून देऊन मोकळी झाले असते. पण सून मधेच म्हणाली, "न्हाई ओ आत्या, दाढ काढायच्या आधीपास्नं तुमचा चहा तोंडातनं वघळतोय की."

आधीपासून?

मी लाइट खाली ओढला. उजव्या बाजूला ओठाखाली शेंगदाण्याच्या चटणीचा लाल कण चिकटलेला होता, सकाळच्या न्याहारीचा असणार. त्यांना पत्ताच नाही. डोळे मिटायला सांगितले, कापूस पिळून त्याची वात केली आणि गालावर टेकवली, "कळतंय." डाव्या हनुवटीवर, "कळतंय." उजव्या हनुवटीवर तीनदा फिरवली तरी मावशी आपल्या डोळे मिटून वाट बघत बसलेल्या, कधी लावताय म्हणून.

कॉलेजात एका सरांनी व्हायव्हात विचारलेलं आठवलं, दुखत काही नाही, मार लागला नाही आणि एका बाजूची हनुवटी बधिर, तर पहिलं काय डोक्यात आलं पाहिजे? याला नम्ब चिन सिंड्रोम म्हणतात. नाव ऐकून हसू येतं पण ते बऱ्याचदा दुसरीकडचा कॅन्सर जबड्यात उतरल्याचं लक्षण असतं, आणि बायकांमध्ये तो बहुतेक वेळा स्तनाचा. आमच्या केसपेपरवर बीपी, शुगर, ॲलर्जी एवढंच होतं. म्हणून तोंडी विचारलं, मावशी, आधी कुठलं ऑपरेशन? तर म्हणाल्या, "छातीतली गाठ काढली व्हती, नऊ वर्सं झाली. ते बरं झालंय की. त्याचा नि दाढंचा काय संबंध?"

चौकातल्या एक्स-रे सेंटरवरून ओपीजी काढून आणायला लावला, तोच सगळा जबडा एका फिल्ममध्ये येतो तो. खालच्या जबड्यात नस जाते त्या बोगद्याला दोन पांढऱ्या रेघा दिसतात. डावीकडं नीट होत्या. उजवीकडं दाढेच्या खाली रेघा मधेच गायब आणि हाड वाळवी लागलेल्या चौकटीसारखं. मी रोज पायोरियाचं हाड बघते, ते हिरडीकडून खाली खात जातं. इथं वरची कड बऱ्यापैकी शाबूत होती आणि पोखरलेलं होतं ते आतून.

पण पोखरणारे कामगार मात्र दोन्हीकडं तेच, आणि मला त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच लागलं. हाड बॅक्टेरिया खात नाहीत आणि कॅन्सरही मुख्यतः स्वतः खात नाही. ते खातात आपल्याच शरीरातल्या ऑस्टिओक्लास्ट पेशी, ज्यांचं एरवीचं काम जुनं हाड पाडून नव्याला जागा करून देणं एवढंच. त्यांना ऑर्डर लागते, ती रँकल नावाच्या प्रोटीनची. पायोरियात दातावरच्या किटणामुळं सूज येते, सुजेतून इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6, टीएनएफ असली प्रोटीन्स सुटतात आणि त्यांच्यामुळं रँकल वाढतं. (याला आवरणारं प्रोटीन म्हणजे ऑस्टिओप्रोटेजेरिन, त्याचाही शॉर्टफॉर्म ओपीजीच, यावरून आमच्या बॅचमध्ये एकानं पेपरात भलतंच लिहिलं होतं.) कॅन्सरच्या पेशी हाडात येऊन बसल्या की ही सुजेची यंत्रणा आयती वापरतात. इंटरल्युकिन-6, इंटरल्युकिन-8 आणि पीटीएचआरपी ही प्रोटीन्स सोडतात, शेजारच्या हाड बांधणाऱ्या पेशींनाच रँकल बनवायला लावतात. हाड फुटलं की त्यात साठवलेलं टीजीएफ-बीटा हे प्रोटीन बाहेर पडतं, ते गाठीला खत, गाठ वाढली की पुन्हा ऑर्डर, असं चक्रच सुरू होतं. लंडनच्या स्टीफन पॅजेट या सर्जननं 1889 सालीच स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या 735 बायकांच्या नोंदी बघून म्हटलं होतं की बी कुठंही उडालं तरी रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. आमच्या भागात कुणालाही हे समजवावं लागत नाही.

मावशींना यातलं काही सांगितलं नाही. सुनेला बाहेर बोलवून म्हणाले, उद्याच मिरजेला जा, ऑपरेशनचे जुने कागद शोधून ठेवा. ती म्हणाली, "भात मळायचाय ओ, सोमवारी गेलं तर?" मी फारच जोरात नाही म्हणाले बहुतेक, कारण रिसेप्शनवरच्या मुलीनं मान वर करून बघितलं.

बायोप्सीत तेच निघालं. स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यातपण. तीन आठवड्यांनी त्या परत माझ्याकडंच, ऑन्कोलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन. झोलेड्रोनिक ॲसिड चालू करायचंय, आधी दातांचं बघा. हे इंजेक्शन त्या पाडकाम करणाऱ्या पेशींनाच थंड करतं, पण मग दात काढला तर जबडा भरून यायला अवघड, कधीकधी हाड उघडंच पडतं. म्हणून डावीकडची किडलेली दोन मुळं आधीच काढली, सफाई केली, जागा भरेपर्यंत थांबलो. एरवी चार दिवसांनी बोलावलं की दहा दिवसांनी येणाऱ्या मावशी, यावेळी एकही तारीख चुकवली नाही.

जबड्याला लाइट, म्हणजे रेडिएशन, दिला, गोळ्या चालू आहेत, दुखणं नाही. हनुवटी अजून बधिरच आहे. परवा सफाईला आल्या होत्या, बोलता बोलता दर दोन मिनिटांनी पदरानं उजवी बाजू पुसत होत्या, काही नसलं तरी.