घाटावर जाणारा स्वॅब

जुलै लागला की कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ताप-खोकल्याची रांग वाढते. इन्फ्लुएंझाचा जोर आपल्याकडे पावसासोबत येतो, आणि रुग्णाच्या नाका-घशातले नमुने लॅबला पाठवायला सगळ्यात अवघड दिवसही तेच. हवा दमट, वीज बेभरवशाची, आंबा घाटात किंवा करूळ घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली तर उत्तम. पुढची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे एनआयव्हीत व्हायची असेल, तर नमुन्याच्या नळीला घाट चढावाच लागतो. एवढ्या प्रवासानंतर ‘नमुना नाकारला’ असा शेरा परत आला की रुग्णाचे पहिले तीन-चार दिवस हातातून गेलेले असतात, आणि विषाणू सर्वाधिक सापडतो तो त्याच दिवसांत. म्हणून नमुना कसा घ्यायचा आणि कसा पाठवायचा, हे सविस्तर लिहितो आहे.

आधी काडी. स्वॅबचं, म्हणजे नमुना घ्यायच्या काडीचं, टोक नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं आणि दांडा प्लॅस्टिकचा हवा. कापसाचा बोळा, लाकडी काडी किंवा कॅल्शियम अल्जिनेटचं टोक चालत नाही. त्यातले घटक पीसीआरच्या अभिक्रियेत अडथळा आणतात, आणि मग विषाणू असूनही यंत्राला दिसत नाही. ड्रेसिंगच्या ट्रेमधली काडी ‘आजच्यापुरती’ उचलू नये.

नाकातून नमुना घेताना हमखास चूक होते ती दिशेची. नाकपुडीचं तोंड खाली असतं, म्हणून हात आपोआप डोळ्याच्या दिशेने जातो. नाकाची वाट मात्र टाळूला समांतर, सरळ मागे कानाकडे जाते. रुग्णाला खुर्चीत बसवून डोकं मागे टेकवा, आणि काडी नाकाच्या तळाला धरून हळूच आत न्या. नाकपुडीपासून कानापर्यंतचं अंतर आधी नजरेने मोजून ठेवा. तेवढं आत गेल्यावर किंवा त्याआधीच मागे टेकल्याचं जाणवलं की थांबा. काही सेकंद तिथेच ठेवा आणि फिरवत बाहेर काढा. मध्येच अडलं तर जोर लावू नका, दुसरी नाकपुडी बघा. नाकाचं हाड वाकडं असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी विचारायचं. म्हाताऱ्या बाईला “आजी, डोळ्यांत पाणी येईल, शिंक आल्यासारखं वाटेल, मी दहापर्यंत मोजते, मग संपलं” एवढं सांगितलं तरी मान झटकली जात नाही. घशाचा स्वॅब मागच्या भिंतीवरून आणि टॉन्सिलवरून घ्यायचा, जीभ आणि दातांना न लावता. दोन्ही काड्या एकाच नळीत घातल्या की सापडण्याची शक्यता वाढते.

बऱ्याच किटमध्ये आरएनेझ पी हा माणसाचा जीनही तपासतात. तो सापडला नाही तर काडीवर पेशीच आल्या नाहीत असं कळतं. पण नाकाच्या तोंडाशी फिरवलेल्या काडीवरही माणसाच्या पेशी असतातच. त्यामुळे नमुना चुकीच्या जागेवरून घेतला हे ही चाचणी पकडत नाही. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि सगळे निश्चिंत होतात. काडी खोल घालण्याचा आग्रह त्यासाठी आहे.

घेणाऱ्याची काळजीही तितकीच. एन-९५ मास्क, चष्मा किंवा फेसशील्ड, गाऊन, ग्लोव्हज. बंद खोलीपेक्षा मोकळी पडवी बरी, मात्र वारा तुमच्या पाठीमागून यावा. प्रत्येक रुग्णानंतर ग्लोव्हज बदला, हात धुवा. उतरवताना ग्लोव्हज आधी, मास्क सगळ्यात शेवटी. वापरलेले ग्लोव्हज लाल पिशवीत, स्रावाने भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत.

व्हीटीएमच्या, म्हणजे विषाणू टिकवून नेणाऱ्या माध्यमाच्या, नळीत साधारण 2 ते 3 मिलिलिटर गुलाबी द्रव असतो. पिवळा पडलेला, गढूळ झालेला किंवा मुदत संपलेला असेल तर नळी बाजूला ठेवा. काडी खुणेच्या जागी मोडायची. दांडा लांब राहिला तर झाकण वरवर बसल्यासारखं दिसतं, पण शेवटचा आटा फिरत नाही. कोकणातल्या खड्ड्यांवर ते दोन तासांत सैल होतं आणि डब्यात गळती होते. गळलेली नळी एकटी वाया जात नाही, शेजारच्या नळ्याही संशयाखाली येतात. झाकण घट्ट लावा, वरून पॅराफिल्मची, म्हणजे ताणली जाणाऱ्या मेणचट फिल्मची, पट्टी ताणून गुंडाळा आणि नळी बाहेरून 70 टक्के अल्कोहोलने पुसा.

लेबल मात्र नमुना घेण्याआधीच, कोरड्या नळीवर. फ्रिजमधून काढलेल्या नळीला आपल्या हवेत लगेच घाम सुटतो आणि त्यावर चिकटवलेला कागद पुण्यापर्यंत टिकत नाही. बॉलपेनची आणि जेलपेनची शाई फुटते, पर्मनंट मार्कर वापरा. नाव, वय, लिंग, नमुन्याचा प्रकार, क्रमांक, तारीख आणि वेळ नळीवर आणि फॉर्मवर अक्षरशः तेच हवं. एकीकडे माहेरचं नाव आणि दुसरीकडे सासरचं, असं झालं की लॅबला दोन माणसं दिसतात.

आता पॅकिंग. तीन थर असतात. नळी हा पहिला. ती सगळा द्रव शोषेल इतक्या कापसात किंवा टिश्यूत गुंडाळून, उभी, न गळणाऱ्या आटेदार डब्यात किंवा सील होणाऱ्या पिशवीत जाते, हा दुसरा. एका डब्यात अनेक नळ्या असतील तर प्रत्येक वेगळी गुंडाळा, एकमेकींवर आपटू देऊ नका. तिसरा कडक बाहेरचा डबा. त्यावर यूएन ३३७३ (अशा नमुन्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लिहिलेला चौकोनी तिरका शिक्का, ‘बायोलॉजिकल सबस्टन्स, कॅटेगरी बी’ ही ओळ, आणि पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि फोन. विमानाने जायचं असेल तर पहिला किंवा दुसरा थर 95 किलोपास्कल दाबाच्या फरकाला टिकणारा हवा. फॉर्म वेगळ्या झिप-लॉक पिशवीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये. नळीला फॉर्म गुंडाळून रबर लावायची सवय मोडा. नळी गळली तर तो कागद कुणालाच हाताळता येत नाही.

आइस पॅक दुसऱ्या डब्याच्या बाहेर, चारही बाजूंना. फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवा आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच भरा. दगडासारखा गोठलेला पॅक नळीला चिकटून राहिला तर नमुना गोठतो, वाटेत वितळतो, आणि या गोठण्या-वितळण्यात विषाणूचं नुकसान होतं. बंदरावर बर्फ मुबलक मिळतो म्हणून मासळीसारखा फोडलेला बर्फ पिशवीत भरू नये. त्याचं पाणी होतं, नळ्या आडव्या तरंगतात आणि फॉर्मचा लगदा होतो. केंद्रातल्या आयएलआरमध्ये (लशीच्या खास फ्रिजमध्ये) लस असते, तिथे नमुना ठेवायचाच नाही. लशीचा कॅरियर आणि नमुन्याचा कॅरियर वेगळे, मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलेले.

तापमान 2 ते 8 अंश. या तापमानात 72 तासांच्या आत नमुना लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. त्याहून उशीर होणार असेल तर उणे 70 अंशांचा फ्रीझर लागतो. घरगुती फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला उणे 20 हा त्याला पर्याय नाही, उलट तो जास्त बिघडवतो. ड्राय आइस वापरला तर बाहेरचा डबा हवाबंद करू नका आणि गाडीची काच थोडी उघडी ठेवा. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बंद जागेत जीवघेणा ठरू शकतो.

शुक्रवारी संध्याकाळी नमुना रवाना करू नका. लॅबला आधी फोन करा, कोण घेणार ते विचारा, निघाल्याची वेळ फॉर्मवर लिहा. दापोलीहून गुहागरकडे दाभोळ-धोपावे फेरीने जायचं असेल तर शेवटची फेरी कधी सुटते ते आणि घाट बंद असल्यास कुठला दुसरा रस्ता ते, चालकाला निघण्याआधी माहीत हवं. फॉर्मवर लक्षणं सुरू झाल्याची तारीख आणि ओसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध सुरू केलं असेल तर तेही लिहा. त्या दोन ओळींशिवाय निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ लावता येत नाही.

व्हीटीएम सांडलं तर टिश्यू टाका, कडेकडून मध्याकडे 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओता आणि अर्धा तास थांबून पुसा. 5 टक्क्यांच्या बाटलीतला एक भाग आणि पाणी चार भाग, असं द्रावण रोज ताजं करायचं. पण नळीत ग्वानिडिन थायोसायनेट असलेलं, विषाणू निष्क्रिय करणारं माध्यम असेल तर त्यावर हायपोक्लोराइट कधीही टाकू नका, विषारी वायू तयार होतो. ते आधी टिश्यूने टिपून साबणाच्या पाण्याने पुसा. दोन्ही प्रकारच्या नळ्या एकाच केंद्रात येत असतील तर त्यांचे खोके वेगळ्या फळीवर ठेवा, आणि सांडलं की काय ओतायचं ते त्या खोक्यावरच लिहून ठेवा.