लॅक्टेट काही उतरेचना

त्या रात्री आयसीयूला सिनियर म्हणून मी होते, सोबत एक ज्युनियर, आणि अकराच्या सुमारास कॅज्युअल्टीतून फोन आला की तिशीतली बाई आहे, श्वास प्रचंड फास्ट चाललाय, सॅच्युरेशन 99 आहे, छाती क्लिअर आहे, काही कळत नाहीये, वर पाठवतोय.

आता सॅच्युरेशन 99 आणि श्वास मिनिटाला 36, असं दिसलं की दम्याच्या मागे लागायचं नाही, रक्तात अ‍ॅसिड साठलंय का (अ‍ॅसिडोसिस) ते बघायचं, तर आल्या आल्या एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताची तपासणी, काढला. पीएच 7.14, बायकार्ब (अ‍ॅसिड मारणारा रक्तातला क्षार) 6, सीओटू 18, आणि लॅक्टेट, म्हणजे ग्लुकोज पूर्ण न जळता उरणारा पदार्थ, 9.8. नॉर्मल माणसाचं लॅक्टेट दोनच्या आत असतं. बाई शुद्धीवर होती, बोलत होती, पण एका दमात दोन शब्दांच्या वर जमत नव्हतं.

हिस्टरी मी स्वतः घेतली. अडीच महिन्यांपूर्वी दुसरीकडे वजन कमी करायची पोटाची सर्जरी झालेली, गेले पाच आठवडे जवळजवळ रोज उलट्या, दोन आठवड्यांपासून पाय जड झालेत आणि चालताना तोल जातो. डायबेटीस नाही, म्हणजे लॅक्टेट वाढवू शकणाऱ्या मेटफॉर्मिन या डायबेटीसच्या गोळीचा प्रश्न नाही. दारू नाही. हे सगळं माझ्याच अक्षरात केसपेपरवर आहे, आणि तरीही पुढचे पाच तास मी जे केलं ते केलं.

लॅक्टेट वाढलंय म्हणजे कुठेतरी रक्त पोचत नाहीये, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की दुसरं काही सुचतच नाही. सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेलं इन्फेक्शन, असेल, सर्जरीच्या जागी लीक असेल, आतड्याचं रक्त बंद झालं असेल. जंतू शोधायला कल्चर पाठवले, अँटिबायोटिक चालू केलं, दोन लिटर फ्लुइड दिलं. ज्युनियरने मध्येच आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली काढून एनएस, म्हणजे साधं मिठाचं सलाईन, लावली, का तर आरएलमध्ये लॅक्टेट असतं. अरे बाबा, ते सोडियम लॅक्टेट असतं, अ‍ॅसिड नव्हे, त्याने कोणाला अ‍ॅसिडोसिस होत नाही, उलट एनएसमधल्या क्लोराईडनेच थोडा होऊ शकतो. पण हा गैरसमज काही जात नाही. शुगर 74 होती आणि बाईने कित्येक दिवस धड काही खाल्लं नव्हतं, म्हणून मी डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं सलाईन, पण चालू केलं. काळजीने केलं होतं हो.

सीटी क्लीन. सर्जन येऊन पोट दाबून बघून गेले, म्हणाले मऊ आहे, माझं काही काम नाही इथे. आणि बीपी 110/60, हातपाय गरम, लघवी चांगली. शॉकमधल्या, म्हणजे रक्तपुरवठा कोलमडलेल्या, पेशंटचे हात असे नसतात. मला हे खटकत होतं पण नुसतं खटकून काय उपयोग.

एक वाजता लॅक्टेट 11.6. तीन वाजता 13.2. तोपर्यंत बायकार्बची ड्रिपही लावून झाली होती, कारण पीएच 7.1 ला आलेला बघून हातावर हात ठेवून बसवत नाही. पण बायकार्ब अ‍ॅसिडशी मिळालं की त्याचा सीओटू होतो आणि तो बाहेर टाकायला परत तिलाच श्वास घ्यायचा असतो, जी बाई आधीच 36 ने श्वास घेतेय. 2018 च्या फ्रान्समधल्या ट्रायलमध्ये बायकार्बचा फायदा दिसला तो मुख्यतः ज्यांची किडनी गेली होती त्यांना, हिची किडनी तर ठणठणीत होती. एकदा पीएच 7.2 झाला, लगेच परत खाली.

ज्युनियर म्हणाला, मॅडम थकतेय ती, इंट्युबेट करूया का. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती होती. ती स्वतःच्या ताकदीने सीओटू 18 वर धरून बसली होती, नळी टाकायला औषध देऊन श्वास थांबवला आणि मशीनवर नेहमीसारखा 14 चा रेट लावला तर सीओटू चढणार आणि पीएच असा कोसळणार की पुढे सीपीआरच. म्हटलं थांब, आधी नीट तपासते परत.

तेव्हा, पहाटे चारला, टॉर्च घेऊन डोळे बघायला गेले. म्हटलं बोटाकडे बघा, बोट बाजूला नेलं, आणि दोन्ही डोळे थरथरायला लागले. निस्टॅगमस. हे असे डोळे, तोल जाणं, जड पाय, पाच आठवडे उलट्या, आणि लॅक्टेट. माझं लक्ष आधी वर लटकवलेल्या डेक्स्ट्रोजच्या बाटलीकडे गेलं. पोटात गोळाच आला.

थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी वन. ग्लुकोजचं पायरुव्हेट होतं आणि ते पेशीच्या भट्टीत शिरायचं तर दारावर थायमिन लागतं. ते नसेल तर दार बंद, सगळा माल बाहेर तुंबतो आणि त्याचं लॅक्टेट होतं. ऑक्सिजन भरपूर, रक्तपुरवठा मस्त, तरी. आणि मी वरून पाच तास ग्लुकोज ओतत होते, म्हणजे बंद दारापुढे अजून ट्रक आणून उभे करत होते. शरीरात थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, हे पाठ आहे आम्हाला सगळ्यांना. पण आमच्या डोक्यात थायमिन म्हणजे दारूवाला पेशंट, आणि केसपेपरवर 'दारू: नाही' लिहिलं की तो कप्पा बंदच होतो.

डेक्स्ट्रोज बंद केलं. लेव्हलसाठी रक्त काढून ठेवलं, पण रिपोर्टची वाट न बघता थायमिन 500 मिलिग्रॅम शिरेतून अर्ध्या तासात, पुढे दर आठ तासांनी, आणि सोबत मॅग्नेशियम, कारण ते कमी असेल तर थायमिन देऊनही काम करत नाही. सिस्टर म्हणाल्या, मॅडम एवढा डोस? म्हटलं हो, एवढाच.

सहा वाजता लॅक्टेट 8.1. मला खरं वाटेना, परत काढलं. 7.9. दहा वाजता 3.4, श्वास 22 वर, आणि संध्याकाळी 1.6. बायकार्ब तर सकाळीच काढून टाकलं होतं. राऊंडला सर म्हणाले की 1997 मध्ये अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा तुटवडा पडला होता, तेव्हा सलाईनवरच पोषण चालू असलेल्या पेशंटना थायमिनअभावी हाच लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस झाला होता. मग माझ्याकडे बघून, डेक्स्ट्रोज किती वाजता लावलं होतंस? साडेअकरा, सर. पुढे काही बोलले नाहीत.

तिच्या मिस्टरांना मी बाहेर बसवून सगळं सांगितलं, बाटलीचंही. ते म्हणाले, म्हणजे उशीर झाला का? म्हटलं हो, पाच तास.

डोळे चार दिवसांत बरेच सुधारले. पाय मात्र नाही. दीड महिन्याने फॉलोअपला आली तेव्हा वॉकर घेऊन चालत होती, उलट्या थांबल्या होत्या, आणि त्या रात्रीचं तिला काहीच आठवत नव्हतं. थायमिनचा रिपोर्ट नवव्या दिवशी आला होता, लो. तोवर ती वॉर्डात गेली होती, मी जाऊन फाईलला लावून आले.